उंबरठा, बांध, कुंपण : एका शिल्पप्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी (ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

विषय एकच: माणसाला अडवणाऱ्या हद्दी आणि त्या ओलांडण्याची मोकळीक. कामं पाच. पुण्यात बनवायची आणि मुंबईतल्या १२ मीटर बाय ९ मीटरच्या दालनात मांडायची. हात तिघांचे, वेल्डर आणि हमाल रोजंदारीवर. हद्द नुसती दाखवून भागणार नाही, बघणाऱ्याच्या पायाला आणि हाताला ती लागली पाहिजे, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. त्यामुळे या नोंदींत सेंटिमीटर आणि किलो जास्त आहेत. असं काम कुणी हाती घेणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे वाचावेत.

६ ऑक्टोबर, रविवार

पहिलं काम 'उंबरठा'. जुन्या सागवानी उंबऱ्यांची रांग, प्रत्येक उंबरा आधीच्यापेक्षा उंच. पेठांतले वाडे पडतात तेव्हा दारं आणि खांब लगेच उचलले जातात, उंबरे मात्र मागे राहतात. मधोमध झिजलेले असल्याने सुताराला त्यातून सरळ फळी निघत नाही. जुन्या बाजारातून आणि वाड्याचं सामान विकणाऱ्या दोन ठिकाणांहून मिळून नऊ उंबरे घेतले. नग १,४०० ते ३,२००, एकूण १९,५०० रुपये.

घेताना काय बघायचं: बोटाच्या गाठीने लांबीभर ठोकत जायचं. जिथे आवाज बद्द येतो तिथे आतून घुणाने खाल्लेलं असतं. भोकं असली की लाकूड वाईट असं नाही, पण भोकातून ताजं पिठासारखं पांढरं पडत असेल तर घूण जिवंत आहे. दोन्ही टोकं भिंतीत गाडलेली असतात, म्हणून वाळवी आधी तिथे लागते. टोकं बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आम्ही एका उंबऱ्याचं टोक बघितलं नाही. घरी आणल्यावर १८ सेंटिमीटर कापून टाकावं लागलं.

सगळ्यांत चांगला नग १२४ सेंटिमीटर लांब आहे. मध्यभागी अडीच सेंटिमीटर खोल झीज आहे. ती सरळ नाही, उजवीकडे थोडी जास्त आहे, कारण दाराची डावी फळी बहुधा बंदच असायची. बाहेरच्या कडेवर हळदीकुंकवाचे थर इतके बसलेत की नखाने खरवडलं तर आधी लाल, मग पिवळं, मग पुन्हा लाल निघतं. या नगाला रंधा लावायचा नाही, पॉलिशपेपरही नाही.

८ ते ११ ऑक्टोबर

बाकीच्या नगांचे खालचे तळ सपाट करायला घेतले आणि पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिक रंध्याची पाती गेली. जुन्या लाकडात डोकं तुटलेले खिळे आत बसलेले असतात, वरून दिसत नाहीत. आता आधी स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवतो. जिथे ओढ लागते तिथे खडूने खूण. नऊ नगांत ६३ खिळे निघाले. चुंबकाला वीस मिनिटं लागतात, पात्यांना ८५० रुपये.

घुणासाठी बोरॅक्स ३०० ग्रॅम आणि बोरिक पावडर २०० ग्रॅम, १० लिटर गरम पाण्यात. तळाला आणि टोकांना दोन-दोन हात मारून नग प्लास्टिकमध्ये ४८ तास गुंडाळून ठेवले. वरच्या बाजूला वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं आहे, तिथून हे पाणी आत शिरत नाही. म्हणूनच सगळा भर तळावर. पॉलिश आधी केलं तर औषध बाहेरच राहतं, हा क्रम उलटा करू नये.

१४ ऑक्टोबर

दुसरं काम 'सरड्याची धाव'. धावत सुटलेली बाई, पूर्ण मापाची, १६५ सेंटिमीटर. शरीर पुढे झुकलेलं, एकच पाय जमिनीवर, ओढणी मागे उडतेय. कुंपण दाखवायचं नाही. ते कुठे आहे हे तिच्या अंगाच्या ताणावरून कळलं पाहिजे.

माध्यमावर बराच वेळ गेला. सिमेंटचा विचार मनापासून होता. शिल्पकार वि. पां. करमरकरांनी (१८९१ ते १९६७) सिमेंटमध्ये किती जिवंत काम केलं ते अलिबागजवळच्या सासवण्याला त्यांच्या शिल्पालयात जाऊन बघावं, तिथली म्हैस तर जरूर बघावी. पण आमची आकृती एका पायावर. सिमेंटमध्ये तिचं वजन त्या एका घोट्यावर आलं असतं. म्हणून फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझीन हा घट्ट होणारा द्रव मारून केलेलं पोकळ कवच.

१५ ते २२ ऑक्टोबर (यातले चार दिवस फुकट)

सांगाडा १२ मिलिमीटरच्या गजाचा केला. १२ चा गज मीटरला ०.८९ किलो भरतो. उभ्या आकृतीला तो पुरतो, म्हणून तोच घेतला, आणि ही चूक होती. झुकलेल्या आकृतीत शाडूचं सगळं वजन गजाला सरळ दाबत नाही, वाकवतं. कमरेपर्यंत माती चढली तोवर ठीक होतं. छाती भरल्यावर सकाळी आलो तर पाठीत कंबरेच्या वर आडवी भेग आणि डोकं सहा सेंटिमीटर खाली. माती लिंपून भेग बुजवली, दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा उघडली. सांगाडा हलत असेल तर माती कितीही लिंपा.

सगळं उतरवलं. नवीन सांगाड्यात मागे भक्कम खांब रोवला आणि त्यातून सव्वा इंची पाइप आडवा काढून कंबरेत घुसवला. वजन आता पायावर नाही, पाठीमागच्या खांबावर. पोटात आणि छातीत थर्माकोलचे ठोकळे सुतळीने आवळून बसवले, त्यामुळे माती साधारण ११० किलोंवरून ७० वर आली. थर्माकोलवर माती धरत नाही, म्हणून वर कोंबडीजाळी गुंडाळली. मांड्यांत आणि दंडांत लाकडाच्या फुल्या तारेने लटकवल्या की माती खाली घसरत नाही.

२४ ते ३० ऑक्टोबर

मातीकाम संपलं, साचा घेतला. पीओपी ११५ किलो, काथ्या ६ किलो. पहिला हात निळ मिसळून, म्हणजे पुढे छिन्नीने साचा फोडताना निळा थर दिसला की हात हलका करायचा हे कळतं. भाग पाडण्यासाठी पत्र्याच्या पट्ट्या मातीत रोवल्या. एकूण सात भाग.

डावा हात छातीजवळून जातो, तिथे आठ सेंटिमीटरची फट आहे. पट्टी त्या फटीच्या बाहेरच्या कडेवर लावली, आतल्या बाजूला लावायला हवी होती. त्यामुळे तो भाग आत अडकून बसला. पाचर मारून काढताना तुकडे झाले. तुकडे चिकटवून वापरले, पण काखेतली रेषा नंतर पुन्हा कोरावी लागली, दीड दिवस. पट्ट्या रोवण्याआधी प्रत्येक भाग कोणत्या दिशेने निघणार याचा बाण मातीवरच काडीने काढावा. आम्ही सहा भागांवर काढला होता.

३१ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर

दिवाळी. साचा वाळायला तसेही दिवस लागणारच होते, ते या सुट्टीत बसवले. ओल्या प्लॅस्टरवर रेझीन नीट धरत नाही, दिवसेंदिवस चिकट राहतं. हाताला कोरडं लागलं म्हणून फसू नये. एक भाग रोज वजनकाट्यावर ठेवायचा, सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की वाळला. आमचा मांडीचा भाग ९ किलो ४०० वरून ६ किलो ९०० वर येऊन थांबला, पंख्याखाली आठ दिवसांत. मग स्पिरिटमधली लाख तीन हात, त्यावर मेण.

११ ते १८ नोव्हेंबर

फायबर भरायला घेतलं. आधी सुरक्षेचं: कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि हार्डनर (रेझीन घट्ट करणारा) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, हार्डनर अगदी शेवटी. दोन्हींची मापं वेगळी, बाटल्या वेगळ्या कपाटात. साधा धुळीचा मास्क वासाला काही उपयोगाचा नाही, कोळशाच्या डबीचा मास्क घ्यावा.

आमचं प्रमाण: १ किलो रेझीनला कोबाल्ट १० मिलिलिटर, हार्डनर १५. सकाळी दहाला वीस-बावीस मिनिटं हाती मिळतात, दुपारी दोनला जेमतेम बारा. म्हणून दुपारी एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवायचं नाही.

पहिल्या दोन भागांचा जेलकोट, म्हणजे साच्याला लागणारा रेझीनचा पहिला थर, मगरीच्या कातडीसारखा सुरकुतला. थर पातळ लागला होता आणि त्यावर पुढचा हात घाईने मारला. पातळ थर पुरता आवळलेला नसतो, वरच्या रेझीनमधलं स्टायरीन हे द्रावक त्याला फुगवतं. खरवडून पुन्हा केलं. आता बोट टेकवून बघतो: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला काही येता कामा नये, मगच मॅट.

मॅट आधी चौरस मीटरला ३०० ग्रॅमची एक, ती कोपऱ्यात बसते. त्यावर ४५० च्या दोन. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझीन लागतं. ओढणीच्या भागात पांढरे डाग राहिले, ब्रश कितीही मारला तरी जाईनात. मॅटचं बंडल पावसाळ्यापासून जमिनीवर पडून होतं, त्यात ओल धरली होती. बाकीची मॅट दोन तास उन्हात टाकली आणि डाग बंद झाले. डाग असलेला भाग ठेवला नाही. तो वरून रंगाखाली लपतो, पण तिथे थर सुटतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानामुळे वेल्डर नाही. तोल कागदावर तपासायला दिवस वापरला, आणि बरं झालं.

आकृतीचं वजन आतल्या पाइपसकट २८ किलो. तिचा भारमध्य पायापासून ३८ सेंटिमीटर पुढे येतो. आमच्या आराखड्यात खाली ६० बाय ६० सेंटिमीटरची १२ मिलिमीटर प्लेट होती, ३४ किलोची, आणि पाय मागच्या कडेपासून २५ वर. म्हणजे भारमध्य ६३ वर, प्लेटच्या बाहेर! प्लेटच्या वजनामुळे आकृती उभी राहते, पण डोक्याला मागून पावणेसहा किलोचा धक्का लागला की पुढे कोसळते. एखाद्याच्या पाठीवरची सॅक लागली तरी तेवढा बसतो.

प्लेट ९० बाय ६० केली, ५१ किलो. आता साडेअठरा किलोचा धक्का लागतो. तेवढंही कमी वाटलं. मागच्या भागात प्लेटवर पेटी करून ६० किलो लोखंडी तुकडे भरले. मग पुढे पडायला ४५ किलो, मागे पडायला ३०. वेल्डिंग झाल्यावर डोक्याला पट्टा बांधून ताणकाट्याने ओढून बघितलं. पुढच्या दिशेला ४० किलोंपर्यंत ओढलं, प्लेटची कड उचलली नाही. झुकलेलं कोणतंही काम मांडणार असाल तर हा ताणकाटा २०२४ मध्ये ४०० रुपयांना मिळत होता, तो घ्याच.

२५ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर

'बांध'. चार मीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच, एका टोकाला ६० सेंटिमीटर रुंद, दुसऱ्या टोकाला ८. एक बाजू दोरीत सरळ, दुसरी दरवर्षी थोडी थोडी कोरत नेलेली. ज्याचं शेत आहे त्याला यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

भरीव मातीचा केला तर हजार किलोंच्या वर जातो आणि जमिनीवर चौरस मीटरला ७६० किलो भार येतो. दालनाच्या अभियंत्याने ४०० ची मर्यादा दिली होती. हे आम्ही आधीच विचारलं, म्हणून वाचलो. आत थर्माकोल, वर कोंबडीजाळी, त्यावर पाच सेंटिमीटर मातीचं कवच, खाली प्लायवूड. वजन ३९० किलोंच्या आसपास, भार सरासरी २८५. एकेक मीटरचे चार तुकडे.

खरी डोकेदुखी मातीची. काळी माती हवी होती, कारण बांध म्हटलं की देशावर डोळ्यांपुढे तीच येते. पण काळी माती वाळताना आकसते. ३० बाय ३० सेंटिमीटरचे नमुने लावून बघितले. नुसत्या काळ्या मातीत तिसऱ्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा. काळी निम्मी आणि मुरूम निम्मा, तर बारीक जाळं. काळी १५ टक्के, चाळलेला मुरूम ५०, वाळू २५, शेण १०, त्यात बोटभर कापलेला भाताचा पेंढा: एकही भेग नाही, पण रंग तांबूस, कोकणात नेऊन ठेवल्यासारखा. शेवटी याच मिश्रणाचं कवच केलं आणि पूर्ण वाळल्यावर फेविकॉल एकास आठ पाण्यात, त्यात वस्त्रगाळ काळी माती कालवून कापडाने घासून बसवली. तीन हात. थर कागदाएवढा पातळ असल्याने तडकत नाही.

कोरलेल्या बाजूवर फावड्याचे घाव हवे होते. ओल्यात मारले तर माती फावड्याला चिकटून निघते, वाळल्यावर मारले तर ढलपे पडतात. डिसेंबरच्या हवेत लिंपल्यानंतर साधारण ३० तासांनी माती साबणाच्या वडीसारखी होते, तेव्हा चार-पाच तास हातात असतात. घाव मारायला शेतात वापरलेलं फावडंच घेतलं. नव्या फावड्याची कड फार सरळ उमटते.

वर हरळी लावली. तिचं पुढे.

१२ ते १८ डिसेंबर

'कुंपणच शेत खातं'. दोन मीटर चौकोनात ८ मिलिमीटरच्या गजांची ज्वारीची ताटं आणि बाहेरून आत वळत जाणारी काटेरी तार, शेवटी कणसांवर येऊन बसलेली. तार ९० मीटर.

भेंडोळं जमिनीवर टाकून उलगडू नका. ते स्प्रिंगसारखं उसळतं. आडव्या पाइपात ओवून, एकाने धरून, दुसऱ्याने ओढायचं. चामड्याचे हातमोजे, जाड बाह्या, डोळ्यांना गॉगल. कापलेलं प्रत्येक टोक लगेच आत वळवायचं.

तार ताटांना वेल्डिंगने जोडायला सुरुवात केली. तारेवरच्या जस्ताचा पांढरा धूर निघाला आणि संध्याकाळी वेल्डरला थंडी वाजून ताप आला. जस्ताच्या धुराने हे होतंच, आम्हाला माहीत असायला हवं होतं आणि तरी काम सुरू केलं, ही या सगळ्या नोंदींतली आम्हाला सर्वांत जास्त टोचणारी चूक. त्याचे दोन दिवसांचे पैसे दिले. त्यानंतर सगळे जोड बांधणीच्या तारेने, पक्कडीने पीळ देऊन. वेल्डिंग करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर जस्त घासून काढावं, मोकळ्या हवेत, मास्क लावून.

काट्यांची टोकं बोथट करा, असं दालनाचं म्हणणं. मीटरला ४० टोकं, म्हणजे एकूण ३,६००. टोक नुसतं कापलं तर छिन्नीसारखी कड राहते, ती जास्त कापते. एमसीलचे मणी लावून बघितले, माळ घातल्यासारखं दिसलं, सगळा धाक गेला. तोडगा असा निघाला: माणसाचा हात फक्त बाहेरच्या दोन वेढ्यांपर्यंत पोचतो. त्या १६ मीटरवरची ६४० टोकं कानसीने गोल केली, आतली तशीच धारदार. तासाला शंभर टोकं होतात. दालनाला हे मान्य झालं, पण लेखी घेतलं.

२१ ते २८ डिसेंबर

'कडी'. जुन्या दाराची एक फळी, दोन्ही बाजूंना कडी आणि कडीवर पांढऱ्या सिमेंटचे पाच हात, काही आतून, काही बाहेरून. हे एकच काम हात लावण्यासाठी.

हात खऱ्या माणसांचे, अल्जिनेटमध्ये (रबरासारखं मऊ घट्ट होणारं साच्याचं मिश्रण) घेतलेले. प्लॅस्टरमध्ये हात बुडवून कधीही साचा घेऊ नये. प्लॅस्टर घट्ट होताना तापतं, जाड गोळ्यात हात अडकला तर भाजतो आणि सोडवताही येत नाही. ज्यांचे हात घेतले त्यांच्याकडून लेखी संमती: हात कुठे दिसेल, विकला जाईल का, नाव येणार का. 'नंतर नको वाटलं तर सांगा, काढून टाकू' ही ओळही त्यात घातली. ज्या विषयावर प्रदर्शन आहे तो विषय इथेच पाळायचा असतो. एकीने जानेवारीत नको म्हटलं. तो हात काढला, भोक बुजवलं नाही.

सिमेंट एक, संगमरवरी चुरा दोन. करंगळ्या तीनदा तुटल्या. दोन मिलिमीटरची स्टेनलेस तार घातली आणि हात सात दिवस पाण्यात ठेवले, मग टिकल्या. सीलर मुद्दाम लावला नाही.

४ जानेवारी

दालन मोजायला मुंबईला. हे ऑक्टोबरात करायला हवं होतं. दाराची मोकळी रुंदी १०७ सेंटिमीटर. आमच्या धावणाऱ्या बाईचा मागचा हात आणि ओढणी मिळून १३१, आणि दाराची उंची कमी असल्याने तिरकी करूनही जाईना.

६ ते ११ जानेवारी

उजवा हात आणि ओढणी खांद्यापासून कापली. जोड बाहीच्या काठावर घेतला, म्हणजे रेघ कापडाचीच वाटते. आत एक इंची पाइपावर सव्वा इंची पाइपाची नळी, आरपार १० मिलिमीटरचा बोल्ट, डोकं काखेत. कापताना चकतीने तीन मिलिमीटर खाल्ले. तेवढे पुट्टीने भरून आणले नाहीत तर हात आखूड दिसतो. कापणं, जोडणं, रंग जुळवणं: सहा दिवस आणि ५,४०० रुपये.

१२ जानेवारी

उंबरे सुटे उभे केले. उंची ८, १२, १६, २०, २५, ३०, ३६, ४३, ५२ सेंटिमीटर, खाली २५ बाय २५ च्या चौकोनी पाइपाचे पाय. अंतर ७५ सेंटिमीटर.

दोन गोष्टी लगेच कळल्या. तीस सेंटिमीटरच्या पुढे पाय ओलांडून टेकवायला ७५ अपुरे पडतात, टाच मागच्या उंबऱ्याला लागते. आणि बूट लागला की उंच उंबरा आडवा होतो. अंतर ९० केलं. चालण्याच्या पट्ट्याच्या बाहेर, दोन्ही कडांना ४० बाय ६ ची पट्टी साडेआठ मीटर टाकून सगळे उंबरे शिडीसारखे एकत्र बोल्ट केले. खाली तीन मिलिमीटर रबर. आता धक्का मारला तर सगळी रांग मिळून तो पेलते, आणि दालनाच्या फरशीत एकही भोक नाही.

पाचव्या उंबऱ्यानंतर साडी नेसलेली बाई थांबते, गुडघा दुखणारा तिसऱ्यालाच थांबतो. ते कामात हवंच होतं. पण चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दारातच थांबावा हे नको होतं. उजवीकडे ११० सेंटिमीटरची सपाट वाट ठेवली, उंबऱ्यांची टोकं तिच्याकडे उघडी. ८ सेंटिमीटरच्या पहिल्या उंबऱ्याला ९६ सेंटिमीटरचा उतार केला, निदान एक तरी सगळ्यांना ओलांडता यावा. शेवटच्या उंबऱ्याखाली ४० सेंटिमीटर मोकळी जागा राहते, तिथून लहान मुलं सरपटत जातात. ती बुजवली नाही, फक्त खालचे नट टोपीचे बसवले.

२१ जानेवारी

टेम्पो भरला. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. आकृती पाठीवर निजवली, आधार कंबरेला आणि खांद्यांना, घोट्याखाली काहीच नाही. घोटा टेकला तर घाटातल्या प्रत्येक धक्क्याला त्याच्यावर भार येतो. बांधाचे रुंद तुकडे सुखरूप पोचले, ८ सेंटिमीटरच्या टोकाची कड दोन ठिकाणी उडाली. जुळवणीसाठी तयार मिश्रण दोन किलो डब्यात घेतलं होतं, ते कामी आलं.

२२ ते २४ जानेवारी

मांडणी. दिवे समोरून लावले तर प्रत्येक उंबऱ्याची सावली पुढच्या उंबऱ्यावर पडते आणि त्याची कड दिसेनाशी होते. दिवे बाजूने, खालच्या उंचीवर घेतले. हा बदल सुंदर दिसण्यासाठी नाही, कुणी पडू नये म्हणून.

दालनाला प्रत्येक कामाभोवती दोरी हवी होती. मोकळिकीवरच्या शिल्पांना दोऱ्या बांधायच्या, हे आमच्यानं होईना. बोलून ठरलं ते असं: कुंपणाभोवती आणि धावणाऱ्या बाईभोवती ६० सेंटिमीटरवर जमिनीवर पाच सेंटिमीटरची पांढरी टेप, उंबरठा आणि कडी पूर्ण मोकळे. लेबलं १४० सेंटिमीटरवर, चार ओळींपेक्षा जास्त नाही.

२५ जानेवारी ते २ फेब्रुवारी

टेपने दोरीपेक्षा चांगलं काम केलं. लोक तिच्याशी येऊन थांबत, खाली बघत, मग एखादा पाऊल आत टाकून लगेच मागे घेई. धावणाऱ्या बाईपुढे हे व्हायचं तेव्हा तिचं न दिसणारं कुंपण कुठे आहे ते नेमकं कळायचं. पुढच्या वेळी टेप कामाचाच भाग म्हणून आखू.

हरळी एसीच्या हवेत तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. पाणी मारलं तर मातीचा रंग ओघळला. पाणी बंद केलं, हरळी वाळू दिली. बांधावर ती वाळलेलीच जास्त खरी दिसली. पण आणतानाच मुळं धुऊन आणावीत, आमच्या ढेकळांतून मुंग्या निघाल्या.

बोथट केलेल्या काट्यांत एकदा ओढणी अडकली, फाटली नाही. पाचव्या उंबऱ्याचा एक बोल्ट दोनदा सैल झाला. तिथेच लोक थांबतात, टेकतात, पाय ठेवतात. साध्या नटाऐवजी नायलॉनचा नट लावला.

पांढऱ्या सिमेंटचे हात आठवड्यात मळले. सगळे सारखे नाहीत. दाराच्या आतल्या बाजूचे, कडी काढायला निघालेले दोन हात बोटांच्या पेरांवर काळपट झालेत, बाहेरचे जवळजवळ तसेच पांढरे. धुतले नाहीत.

८ फेब्रुवारी

हिशेब, दालनाचं भाडं सोडून: अंदाज १,१०,००० होता, खर्च १,४३,१०० झाला. टेम्पो आणि हमाली दोन्ही वेळची ३६,०००, लोखंड आणि वेल्डर ३१,०००, बाकी साहित्य आणि दिवे. आमच्या चुकांमुळे गेलेले साधारण २१,००० आणि १९ दिवस. त्यातला मोठा वाटा दोनच गोष्टींचा, पहिला सांगाडा आणि न मोजलेलं दार.

बांधाचे तुकडे पुन्हा वापरता येणार नाहीत, माती फोडून पोत्यांत भरली, थर्माकोल आणि जाळी ठेवली. धावणारी बाई हात सोडवून आडवी ठेवली आहे, बोल्टला ग्रीस लावून. उंबऱ्यांपैकी चौथ्यातून पुन्हा पांढरी पूड पडायला लागली आहे. त्याला सोमवारी पुन्हा औषध, यावेळी तळाला सहा मिलिमीटरची भोकं पाडून सुईने आत.